आज भाजी कुठली?

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर वैतागून विचारलंस, "बाबा, आजीला कधीही फोन केला तरी तिचा पहिला प्रश्न 'आज भाजी कुठली?' हाच का असतो? आणि मी तीन दिवस ब्रोकोली खाल्ली म्हटल्यावर ती एकदम गप्प का झाली? ब्रोकोली चांगली असते ना?" मी तेव्हा ट्राममध्ये लोंबकळत होतो, म्हणून नंतर लिहितो म्हणालो. आज रविवार आहे, आई झोपली आहे, घर शांत आहे. वाचायला वेळ लागला तर लागू दे. अडलं तर मोठ्याने वाच, कानाला कळेल.

आधी आजी गप्प का झाली ते सांगतो. तुझा फोन ठेवल्या ठेवल्या तिने साताऱ्याहून मला फोन केला. "सईला पैसे कमी पडतायत का रे?" मी म्हटलं, नाही गं, का? "मग बरं नाहीये का तिला?" तिच्या हिशेबात लागोपाठ तीन दिवस तीच भाजी ताटात आली तर एक तर घरात ओढाताण आहे, नाहीतर करणाऱ्या बाईला बरं नाही. ब्रोकोलीशी तिचं काही वाकडं नाही. ती काय असते हेही तिला नीट ठाऊक नाही. हिरवा फ्लॉवर अशी तिने समजूत करून घेतली आहे आणि ती फारशी चुकीचीही नाही.

आता खरा प्रश्न. जर्मनमध्ये 'गेम्युझं' म्हटलं की ताटलीत मुख्य पदार्थाच्या शेजारी ठेवलेलं काहीतरी. मराठीत बाजारातून आणतात तीही भाजी आणि कढईत होते तीही भाजी. पोळी-भाजी, भाजी-भाकरी, म्हणजे जोडीतली बरोबरीची. आणि आपलं रोजचं ताट डोळ्यांसमोर आण. पोळी कालचीच, म्हणजे कालच्यासारखीच. भात तोच, वरण तेच, वर लिंबाची फोड तीच, लोणचं वर्षभर एकाच बरणीतलं. या ताटात बदलायला जागा एकच, भाजीची. ती बदलली तर जेवण बदललं, नाहीतर काल आणि आज यांत फरक काय? म्हणून आजी 'जेवलीस का' असं विचारत नाही. जेवली असशीलच. आजचा दिवस कालच्यापेक्षा वेगळा होता का, हे ती विचारते.

पण रोज वेगळी भाजी ही केवळ हौस नव्हती. आमच्या घरी फ्रीज आला तेव्हा मी सातवीत होतो. त्याआधी आठवडी बाजारातून दोन पिशव्या यायच्या आणि कुठली भाजी कुठल्या दिवशी हे ती भाजीच ठरवायची. बाजाराच्या संध्याकाळी पालेभाजी, कारण मेथी, शेपू, चाकवत दुसऱ्या दिवशी माना टाकतात. मग भेंडी, गवार. मग वांगी, दोडका. कोबी, दुधी त्याच्यानंतर, त्यांना घाई नसते. लाल भोपळा अख्खा असेल तर महिनाभर कोपऱ्यात बसून राहतो, त्याला कोणी विचारत नाही. शेवटी बटाटे आणि मटकीची उसळ. मटकी म्हणजे दोन दिवस आधी ठरवायचं काम: सकाळी भिजत घालायची, रात्री फडक्यात बांधून ठेवायची, की दुसऱ्या दिवशी मोड. आणि टोपली अगदी रिकामी झाली की पिठलं. ताटात पिठलं दिसलं की आम्हाला कोणी सांगावं लागायचं नाही, उद्या बाजार.

बाजाराच्या दुपारी आजी ओसरीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडायला बसायची. चार-पाच जुड्या. मुळांची माती आधी झटकायची, मग एकेक काडी धरून पानं खुडायची, कोवळे देठ ठेवायचे, जून फेकायचे. तिची बोटं इतक्या सवयीने चालायची की नजर शेजारणीकडे असायची. मला आणि आत्याला मटार सोलायला द्यायची आणि सोलताना शीळ घालायला लावायची. शीळ थांबली की तिला कळायचं, मटार तोंडात गेले. एवढं सगळं निवडून परातभर झालेली मेथी शिजून वाटीभर व्हायची आणि आम्ही ती पाच मिनिटांत संपवायचो. (तुला म्हणून सांगतो, पालेभाजीत मीठ शेवटी घालायचं. कढई भरलेली बघून आधीच घातलंस तर पाला बसल्यावर भाजी खारट झालीच म्हणून समज.)

आमच्या ताटातलं ते वैविध्य आजीच्या दुपारींवर उभं होतं, हे मला तिशीत कळलं. तेव्हा वाटायचं भाजी आपोआप वेगळी होते. आणखी एक. सगळ्या मराठी घरांत रोज वेगळी भाजी असते असं समजू नकोस. माझ्या वर्गात अशी मुलं होती की त्यांच्या डब्यात रोज भाकरी आणि ठेचा असायचा. आणि ज्या बायका पावसाळ्याच्या तोंडावर रानातून टाकळा, कुर्डू, शेवळं गोळा करून बाजारात आणतात, त्यांना आपल्या कोणाहीपेक्षा जास्त भाज्या ओळखता येतात.

तू विचारशील, इतक्या भाज्यांची नावं कोण लक्षात ठेवणार? नावं नाही, जोड्या लक्षात ठेवायच्या. प्रत्येक भाजीचं कोणाशी जमतं ते ठरलेलं आहे. गवारीला ओवा, कारण गवार वातूळ, हे आजीचं म्हणणं. लाल भोपळ्याच्या फोडणीत मेथीदाणे. शेपूत मूगडाळ आणि सढळ हाताने लसूण, नाहीतर त्याचा वास घरभर मिरवतो. पडवळात चण्याची डाळ. कारल्याला चिंच-गूळ. अळूला चिंच हवीच. त्याच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. म्हणून अळू भरपूर शिजवायचं आणि आंबट घालायचं. आजीला ऑक्झलेट माहीत नाही. "खाजरं असतं" एवढं माहीत आहे, आणि तेवढं पुरतं.

जोडी चुकली की काय होतं ते मी इथे जर्मनीत आल्यावर पहिल्या वर्षी बघितलं. तुर्की दुकानात भेंडी दिसली. इतका आनंद झाला की एक किलो घेतली. खोलीवर येऊन चिरली, चिरल्यावर धुतली, पातेल्यात घातली, वर पाणी ओतलं आणि झाकण ठेवलं. वीस मिनिटांनी झाकण काढलं तर आत डिंक. चमचा उचलला की तारा निघत होत्या. खोलीतला जोडीदार पोलंडचा होता, त्याने विचारलं, हे खायचं आहे की काही चिकटवायचं आहे? त्या काळी परदेशातून घरी फोन म्हणजे मिनिटामिनिटाला पैसे, तरी मी फोन लावला. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आधी पुसलीस का?" भेंडी आधी धुवायची, फडक्याने कोरडी पुसायची, मगच चिरायची. पाण्याचा थेंब नको, झाकण नको, आणि परतताना दोन आमसुलं. आंबटाने चिकटपणा जातो. पुढच्या आठवड्यात पुन्हा केली. पोलंडवाल्याने दोनदा घेतली.

आमसूल म्हटल्यावर आठवलं. आजी माहेरची चिपळूणची, हे तुला माहीत आहे. लग्न होऊन साताऱ्यात आली तर तिथे प्रत्येक भाजीत दाण्याचं कूट! तिच्या माहेरी कोबीवरही ओलं खोबरं. माझ्या आजीचा, म्हणजे तुझ्या पणजीचा, नारळाला विरोध नव्हता, पण तो देवापुढे फोडायचा असतो असं तिचं मत होतं. दोघींनी पंचवीस वर्षं एकाच स्वयंपाकघरात काढली. म्हणून तुझ्या बाबाला गवार दोन्ही तऱ्हेची आवडते आणि कुठली जास्त, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मग सणवार. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी, त्या दिवशी कांद्याची भजी, थालीपीठं पोटभर खाऊन घ्यायची, कारण दोन दिवसांनी एकादशी आणि तिथून चातुर्मास. आमच्याकडे चार महिने कांदा-लसूण-वांगं बंद. लहानपणी मला हा अन्याय वाटायचा. आता वाटतं, वांगं ही आळशी स्वयंपाक्याची भाजी. ती बाजूला केल्याशिवाय पडवळ, दोडका, घोसाळं यांच्याकडे कोण बघणार? ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून परसातलं, बांधावरचं जे असेल ते: अळू, भेंडी, पडवळ, भोपळा, मक्याचं कणीस, सगळं एकत्र, जवळजवळ बिनमसाल्याचं. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य, की वांगं परत घरात. आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. पावटे, हरभऱ्याचे सोलाणे, गाजर, वांगी, मटार, ओले शेंगदाणे, कोणाकडे बोरंसुद्धा, वरून तिळाचं कूट, आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. 'न खाई भोगी तो सदा रोगी' असं म्हणतात. हे ऐकवल्याशिवाय आजी अजून वाढत नाही.

आता तुला गंमत सांगतो. परंपरा, परंपरा म्हणून आपण ज्याला कवटाळतो त्यातलं अर्धं पाहुणं आहे. 'बटाटा' आणि 'कोबी' हे दोन्ही शब्द पोर्तुगीज. बटाटा, मिरची, शेंगदाणा, लाल भोपळा सगळे अमेरिका खंडातून आले. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तोही तिकडचाच. म्हणजे एकादशीला आजी जी खिचडी भक्तिभावाने करते, त्यात आपल्याकडचं म्हणावं तर जिरं आणि तूप! (हे तिला सांगू नकोस. मी एकदा सांगितलं आणि ती म्हणाली, "पांडुरंगाला चालतं, तुला काय त्रास आहे?") बटाट्याला आपण हिंग-मोहरीची फोडणी दिली आणि तो आपला झाला.

तेव्हा तुझ्या लाइपझिगच्या बाजारात पडवळ मिळत नाही म्हणून अडत नाही. कोलराबी बघ, तोच आपला नवलकोल. चण्याची डाळ तासभर भिजवून घाल, हिंग-मोहरी-हळदीची फोडणी, वाफेवर शिजव. त्याचा पाला टाकू नकोस. इथल्या बाजारात भाजीवाली विचारते ना, पाला काढू का? मी नको म्हणतो. एकदा तिने माझ्या पिशवीत शेजारच्या गिऱ्हाइकाने टाकलेला पालाही कोंबला आणि विचारलं, घरी ससे आहेत वाटतं? मी म्हटलं, हो, दोन आहेत, एक नऊ वर्षांचा आणि एक सहा. तू तेव्हा सहा वर्षांची होतीस. त्या रात्री त्या पाल्याची पीठ पेरून भाजी केली होती आणि दादाने तीन वेळा मागून घेतली होती. पाला बारीक चिरायचा, फोडणीवर परतून एक वाफ काढायची, तिखट-मीठ घालायचं, मग डाळीचं पीठ चिमटीचिमटीने वरून भुरभुरायचं, कडेने चमचाभर तेल सोडायचं आणि मंद आचेवर झाकण. पीठ कच्चं राहिलं तर दातांना चिकटतं, तेवढं सांभाळ.

आणि ब्रोकोली. तीन दिवस खाल्लीस याचं काही नाही. तिन्ही दिवस उकडून वर मीठ टाकलंस, हे आजीला लागलं. एक दिवस लसणाच्या फोडणीवर पीठ पेरून कर. एक दिवस फ्लॉवरसारखा मटार-बटाटा घालून रस्सा कर, आल्याचा तुकडा ठेचून घाल. जाड देठ राहतात ते सोलून पातळ काचऱ्या कर, तोंडल्याच्या करतो तशा, कुरकुरीत होईपर्यंत परत. भाजी एकच, पण आजीला फोनवर सांगायला तीन होतील.

काल पार्सल टाकलं आहे, बुधवारी मिळेल. गोडा मसाला मोठ्या डब्यात आहे, आजीने पाठवलेला. हिंग तीन पिशव्यांत गुंडाळला आहे, तरी पार्सल उघडताना खिडकी उघडी ठेव, तुझ्या मैत्रिणींना सवय नाही. आमसुलं आहेत. छोट्या बाटलीवर 'जिरं' लिहिलं आहे, पण आत ओवा आहे. दुसरी रिकामी बाटली सापडली नाही.

आजीला फोन कर. ती दुपारी चारनंतर मोकळी असते, म्हणजे तुझ्याकडे उन्हाळ्यात साडेबारा.

तुझा,
बाबा