फेब्रुवारीत सिंहगडाच्या वाटेवर लाल फुलांनी लगडलेली झुडपं दिसतात, ती कोणती?

ती बहुतेक धायटीच, सह्याद्रीत थंडी सरता सरता उघड्या उतारांवर हीच झुडपं लालभडक होतात. ओळखायला सोपी आहे, साधारण माणसाच्या उंचीचं, फांद्या कमानीसारख्या खाली वाकलेल्या आणि त्या फांद्यांवर पानांच्या बेचक्यात बारीक नळीसारख्या फुलांचे झुबके. लाल दिसते ती खरं तर निदलपुंजाची, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या आवरणाची नळी, पाकळ्या अगदीच चिमुकल्या असतात, आणि ही नळी लवकर गळत नाही म्हणून झाड बरेच दिवस लालच दिसतं. खात्री करायची तर पान उलटं करून बघा, पानं समोरासमोर असतात, खालची बाजू फिकट आणि तिच्यावर बारीक काळे ठिपके दिसतात. मध भरपूर असतो त्यामुळे शिंजीर पक्षी सतत घिरट्या घालतात, सकाळी जरा थांबून बघाच, फार सुंदर दिसतं! आसव-अरिष्ट, म्हणजे आंबवून केलेली पातळ औषधं, आंबवायला आयुर्वेदात हीच फुलं घालतात.

फक्त एक, तुम्ही बघितलेलं झुडूप नसून मोठं झाड असेल, पानं झडलेली आणि फुलं मोठी असतील, तर मग पळस, पांगारा किंवा काटेसावर असणार, तेही याच दिवसांत फुलतात.