शुगर, नवा गुडघा आणि ओली होणारी पट्टी

प्रश्न : आई ६६ वर्षांची आहे. गुडघेबदलाची तारीख ठरली होती, पण एचबीए१सी ८.९ आल्यामुळे सर्जननी ती पुढे ढकलली. घरी सकाळी उपाशीपोटी शुगर १३०च्या आसपासच असते. मग एवढं घाबरण्यासारखं काय आहे?

उत्तर : सकाळच्या आकड्यावर जाऊ नका. एचबीए१सी म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी, ८.९ म्हणजे ती २१०च्या घरात. उपाशीपोटी १३० असूनही सरासरी एवढी येत असेल, तर जेवणानंतर शुगर बरीच वर जात असणार. आठवडाभर प्रत्येक जेवणानंतर दोन तासांनी तपासा. हात साबणाने धुऊन पुसा. बोटाला फळाचा रस लागलेला असला तरी मीटर भलताच आकडा दाखवतो. हिमोग्लोबिन आणि लोहही बघून घ्या, कारण लोह कमी असेल तर एचबीए१सी उगाच जास्त दिसू शकतं.

तारीख ढकलली ते योग्यच झालं. बहुतेक सर्जन हा आकडा साडेसात ते आठच्या खाली आल्याशिवाय हात घालत नाहीत. शुगर चढलेली असली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात आणि जखमही सावकाश भरते. त्यात नव्या सांध्याच्या धातूला नि प्लास्टिकला रक्तपुरवठाच नसतो. तिथे जंतू बसले की स्वतःभोवती चिकट थर तयार करतात आणि मग औषध त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. मात्र घाईने औषधं वाढवून शुगर ७०च्या खाली नेणं हाही धोकाच. फ्रुक्टोसामाइन ही तपासणी मागच्या दोन-तीन आठवड्यांचं चित्र दाखवते, त्यामुळे सुधारणा कळायला तीन महिने थांबावं लागत नाही.

मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही गोळी चालू असेल, तर ते भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. या गोळ्या साधारणपणे ऑपरेशनच्या तीन दिवस आधी बंद करतात. नाहीतर शुगर जवळपास नॉर्मल असतानाही रक्तात आम्ल साठतं, आणि मळमळ किंवा धाप लागली तरी मीटर बघून कोणाला शंका येत नाही. ऑपरेशनच्या ताणाने, शिवाय उलटी होऊ नये म्हणून दिलेल्या डेक्सामेथासोनने शुगर एक-दोन दिवस उसळते. तेव्हा ती १८०च्या आत ठेवायला इन्सुलिन दिलं, तर 'आता कायमचं मागे लागलं' असं समजू नका. आणि गुडघ्यावरचे केस घरी ब्लेडने काढू नका. बारीक ओरखड्यांतून जंतूंना आयती वाट मिळते.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. गुडघा बदलून ११ दिवस झाले. ताप नाही, पण पट्टीवर रोज पिवळसर-लाल डाग पडतो. घरात उरलेली अँटिबायोटिक सुरू करू का?

उत्तर : नको. आजच सर्जनना दाखवा. पहिले काही दिवस थोडं पाझरणं चालतं, पण आठवडा उलटल्यावर जखम कोरडी असायला हवी. ताप नाही यावर विसंबू नका. सांध्यात संसर्ग असूनही अनेकांना ताप येत नाही. गोळी चिकट थरातले जंतू मारणार नाही, पण सांध्यातल्या पाण्याच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) जंतू सापडू देणार नाही, आणि मग नेमकं कोणतं औषध द्यायचं तेच कळेनासं होतं.

इथे वेळेला फार किंमत आहे. सुरुवातीच्या काही आठवड्यांत संसर्ग सापडला, तर सांधा उघडून स्वच्छ धुतात, मधला प्लास्टिकचा भाग बदलतात आणि धातूचे भाग बहुधा वाचतात. उशीर झाला तर अनेकदा सगळा सांधा काढून अँटिबायोटिक मिसळलेला सिमेंटचा तात्पुरता सांधा बसवावा लागतो, आणि काही आठवड्यांनी पुन्हा ऑपरेशन.

जाताना पट्टीचे रोजचे फोटो आणि शुगरची वही न्या. जेवण, औषधं तीच असताना शुगर अचानक चढली असेल तर तेही सांगा. कधीकधी संसर्गाची पहिली चाहूल तीच असते. सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) मात्र ऑपरेशननंतर दोन-तीन आठवडे तसंही वाढलेलं असतं. एका आकड्याने घाबरू नका. उतरत असलेलं पुन्हा चढलं तर ती गोष्ट वेगळी. गुडघा कोमट लागणं आणि थोडी सूज तर काही महिने राहते.

प्रश्न : गुडघा बदलून दोन वर्षं झाली. दाढ काढायची आहे. आधी अँटिबायोटिक घ्यावं लागेल?

उत्तर : सरसकट नाही. शुगर ताब्यात नसेल तर सर्जन आणि दंतवैद्य यांनी मिळून ठरवावं. दाढेत पू असेल तर काढणं लांबवू नका, कारण जंतू रक्तातून बसवलेल्या सांध्यापर्यंत, तो कितीही जुना असला तरी, कधीही पोहोचू शकतात. पायाच्या जखमेचंही तेच. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या आरशात बघा. संवेदना कमी झाली असेल तर जखम दुखत नाही, दिसते तेवढीच.