सातव्या महिन्यात तिथे कोण असेल?

सप्रेम नमस्कार,

तुझं पत्र वाचलं. हत्याकांड झालेल्या वस्तीत समुपदेशनाचं सहा महिन्यांचं काम चालून आलंय, घेऊ की नको, असं विचारलंयस. घे. पण सही करण्याआधी संस्थेला एक प्रश्न विचार: सातव्या महिन्यात तिथे कोण असेल?

पहिल्या पंधरवड्यात माणसांचा तुटवडा नसतो. कॅमेरे, पुढारी, मदतीच्या गाड्या यांची रीघ लागलेली असते. त्या दिवसांत तुझ्या शिक्षणाचा उपयोग थोडाच. निवारा, झोप, बेपत्ता माणसाचा पत्ता, मृतदेह ताब्यात मिळणं, हे सगळं आधी. 'काय पाहिलंत ते सांगा' म्हणत कुणाच्या मागे लागू नकोस. घटना घडल्या घडल्या एकाच बैठकीत सगळं वदवून घ्यायची पद्धत एकेकाळी फार बोकाळली होती. तिने पुढचा त्रास टळतो असं अभ्यासांत दिसलं नाही, काहींचं तर नुकसानच झालं. जागतिक आरोग्य संघटनाही ती वापरू नका असंच सांगते. ज्याला बोलायचंय त्याचं ऐक, बाकीच्यांना चहापाण्याला आणि कागदपत्रांना मदत कर.

कागदपत्रांचं हसण्यावारी नेऊ नकोस. भरपाईच्या अर्जात 'मृताशी नाते' असा रकाना असतो. आई तिथे पेन टेकवते आणि थांबते. अर्ज अपुरा म्हणून परत आला की तोच रकाना तिला पुन्हा भरावा लागतो. तेव्हा शेजारी बसून बाकीचे रकाने भरून देणारं माणूस तिला हवं असतं. मनाचं बोलणं निघालं तर तिथेच निघतं, 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लावलेल्या खोलीत ती पाऊलही टाकणार नाही.

सगळेच आजारी पडतील असंही धरून चालू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे युद्ध-संघर्षाची झळ बसलेल्या लोकांत साधारण पाचांतल्या एकाला नैराश्य, चिंता, आघातोत्तर ताण असा एखादा मानसिक आजार असतो. बाकीचे आपल्या माणसांच्या आधाराने सावरतात. अडचण अशी की तो पाचवा कोण, हे पहिल्या महिन्यात ओळखू येत नाही. वर्षभर खंबीरपणे घर चालवलेली बाई साक्षीचं समन्स हातात पडल्यावर कोसळते. मुलगा बारावीपर्यंत ठीक असतो आणि घर सोडून शिकायला गेला की झोप उडते.

म्हणून लोक आपल्याकडे येतील याची वाट पाहायची नाही, आपणच जायचं. नॉर्वेत २२ जुलै २०११ ला ७७ जणांचा बळी गेला, त्यांतले ६९ उटोया बेटावरच्या युवक शिबिरात. वाचलेली मुलं देशभरातल्या आपापल्या गावी परतली. तेव्हा तिथल्या पालिकांनी प्रत्येक पीडित कुटुंबासाठी एक संपर्क व्यक्ती नेमायची आणि तिने किमान वर्षभर आपणहून विचारपूस करत राहायचं, असं ठरलं. मला यातलं 'आपणहून' सगळ्यात पटतं. आघात झालेला माणूस फोन उचलून अपॉइंटमेंट घेईल ही अपेक्षाच चुकीची. पण तिथेही वर्ष काहींना अपुरंच पडलं, नंतरच्या पाहण्यांत ते दिसलं. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातल्या बचाव कर्मचाऱ्यांसाठी आणि वाचलेल्यांसाठी जी सरकारी आरोग्य योजना आहे, तिला २०१५ च्या कायद्याने २०९० पर्यंत मुदत दिली. मानसिक आजारांवरचे उपचारही त्यात येतात. हा आकडा पाठ कर. सहा महिन्यांचा अहवाल मागणाऱ्यांपुढे उपयोगी पडेल.

वार्षिक स्मृतिदिनाची तयारी आधीच्या महिन्यापासून ठेव. रवांडात १९९४ च्या नरसंहाराचं स्मरण दरवर्षी ७ एप्रिलला सुरू होतं आणि त्या सभांत माणसं किंचाळतात, पळत सुटतात, बेशुद्ध पडतात. हल्ले पुन्हा सुरू झाल्यासारखंच त्यांना वाटतं. त्यांत १९९४ नंतर जन्मलेली मुलंही असतात. म्हणून अशा लोकांना सांभाळायला प्रशिक्षित माणसं तिथे हजर ठेवतात. त्याच देशात नरसंहाराचे खटले चालवणारी गचाचा नावाची लोकन्यायालयं २०१२ पर्यंत चालली. शिक्षा भोगून सुटलेले पुष्कळजण आपल्या जुन्याच वस्तीत परतले, ज्यांची माणसं मारली त्यांच्या शेजारी. अशा जागी 'माफ करून टाका' हा सल्ला तू देऊ नकोस. माफी हा त्यांचा निर्णय आहे. पाणवठ्यावर त्या माणसाची गाठ पडली तर हातपाय थरथरतात, त्याचं काय करायचं, एवढंच तुझ्या हद्दीत येतं.

आणखी काही माणसं कुणाच्या यादीत नसतात: रुग्णवाहिकेचे चालक, शवागारातले कामगार, वर्गातली रिकामी बाकं रोज पाहणारे शिक्षक. तुझा दुभाषाही त्यांतलाच. दिवसभर तो दुसऱ्याची कहाणी 'मी' म्हणत सांगतो, संध्याकाळी त्याच वस्तीत घरी जातो. तुझ्या सुपरव्हिजनची, म्हणजे कामाचा भार अनुभवी समुपदेशकाशी नियमित बोलायची, सोय संस्था करेलच, त्याच्यासाठी कोण आहे ते विचारून घे. नसेल तर सोय झाल्याशिवाय काम सुरू करू नकोस.

आता संस्थेशी बोलताना. बाहेरून आणखी चार तज्ज्ञ आणण्याऐवजी त्या पैशांत तिथल्याच आरोग्यसेविकांना, शिक्षकांना शिकवता येईल का, विचार. जागतिक आरोग्य संघटनेची समुपदेशनाची पाच बैठकींची एक पद्धत आहे, ती मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या माणसांना शिकवण्यासाठीच बेतली आहे. त्यांच्यावर देखरेख करणारं माणूस मात्र पगारी हवं आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचीही तरतूद हवी. गंभीर रुग्ण कुठे पाठवायचा, त्या डॉक्टरचं नाव आणि तिथवरच्या गाडीभाड्याची सोय कागदावर घे. तू जाणार कधी, हे लोकांना पहिल्याच भेटीत सांगायची मुभाही मागून घे. संस्थांना हे आवडत नाही. तरी माग, आणि काय उत्तर येतं ते मला कळव.

तुझा,
सर