कोकणात जुन्या बाईक घेऊन त्यांचे पार्ट विकण्यात पैसे सुटतात का?

तुम्ही लिहिलंय की गणपतीपुळ्याजवळ घराला लागून मोकळी जागा आहे, गॅरेजचं काम हाताला आहे, आणि बंद पडलेल्या बाईक सहा-सात हजारांना घेऊन खोलून विकल्या तर सुटेल का. मी रत्नागिरीत सतरा वर्षं गॅरेज चालवतोय आणि हे काम केलंय, म्हणून सविस्तर लिहितो. सुटतात, पण कमी सुटतात आणि उशिरा सुटतात.

एका गाडीचा हिशोब देतो. पावसकडच्या एका घरातून हिरो होंडाची पॅशन घेतली, सात हजारांना. दोन पावसाळे खळ्यात ताडपत्रीखाली उभी होती. कार्बोरेटर, मीटर, सेल्फची मोटर, सीडीआय (ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आणि साइड पॅनल पंधरा दिवसांत गेले, त्यांचे 4,600 आले. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, दीड महिन्याने 1,400 ला गेलं. रिमा 1,200, क्लच आणि गिअरचा सेट 900. उरलेलं लोखंड कापून भंगारात दिलं, त्याचे 1,300. झाले 9,400. त्यातून गाडीचे सात हजार आणि टेम्पोचे आठशे वजा करा, राहिले 1,600. खोलायला दोन दिवस लागले आणि पैसे पूर्ण हातात यायला चार महिने. दहा गाड्या एकदम भरून ठेवल्या असत्या तर भांडवल अडकून मी बसलो असतो.

त्या पॅशनचे पुढचे शॉकअप मी दोन हजारांना धरले होते, ते कोणी घेतलेच नाहीत. आपल्याकडे हीच मोठी अडचण आहे, खारा वारा. घाटावरून आलेल्या गाडीचे आणि किनाऱ्यावरच्या गाडीचे पार्ट एका भावाने धरता येत नाहीत. गाडी बघायला जाल तेव्हा शॉकअपच्या नळीवरून अंगठ्याचं नख वरून खाली ओढत या. नख कुठे अडकलं की समजायचं, तिथे गंजाने खड्डा पडलाय. त्या नळीवर नवीन ऑइल सील आठवडाभरही टिकत नाही. मग पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारा. बाहेरून रंग चकचकीत आणि आत तळाला लाल भुगा, असं कितीतरी वेळा बघितलंय. मिरकरवाडा बंदरावर मासळीच्या पेट्या वाहिलेली गाडी फक्त इंजिनासाठी घ्यावी, कारण बर्फाचं खारट पाणी गळून गळून मागचं चाक धरणारा चिमटा आणि सीटखालची पट्टी पार गेलेली असते. उलट देवरुख, साखरपा, लांजा इकडची गाडी हजारभर जास्त देऊन घेतली तरी परवडते.

खोलतानाही घाई नको. सायलेन्सर धरणारे स्टड, म्हणजे बिनडोक्याचे बोल्ट, हेडमध्ये गंजून बसलेले असतात. डिझेल घालून रात्रभर ठेवा, सकाळी थोडं गरम करा आणि मगच पाना लावा. स्टड आत तुटला की हेडची किंमत तिथल्या तिथे अर्धी होते.

मॉडेलचं म्हणाल तर हिरो होंडाचं 97.2 सीसीचं इंजिन ज्या गाड्यांना आहे त्या आधी बघा. स्प्लेंडर, पॅशन, सीडी डॉन यांचे इंजिनातले बरेच पार्ट एकमेकांना चालतात आणि गावोगावी अजून याच गाड्या फिरतायत. 2020 पासून प्रदूषणाचा बीएस सिक्स नियम आला आणि नव्या गाड्या कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनवर गेल्या, पण कार्बोरेटरवाल्या जुन्या गाड्यांना पार्ट लागतातच. यामाहाची आरएक्स 100 मिळाली आणि तिचे कागद सरळ असतील तर कृपा करून ती खोलू नका. ती 1996 मध्येच बंद झाली. आहे ती नीट करून अख्खी विका, पैसेही जास्त मिळतील.

पुराच्या गाड्यांना मात्र हात लावू नका. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, त्यानंतर मी स्वस्तात पाच गाड्या उचलल्या. इंजिनाखालचा, ऑइल काढायचा ड्रेन नट काढला तर ऑइलच्या जागी दुधाच्या चहासारखं पाणी आलं, त्यात वाशिष्ठीचा गाळ. क्रँकचे बेअरिंग गेलेले, वायरिंगमध्ये हिरवा गंज चढलेला. रिमा आणि दोन टाक्या सोडल्या तर काही निघालं नाही.

आता कागद. इथे सगळ्यात जास्त जपा. आपल्याकडे जुनी गाडी बहुतेक चाकरमान्यांची असते. गणपतीला येतात, किक मारतात, सुरू होत नाही, मग जाताना "घेऊन जा रे" म्हणतात. आरसी बघितली तर गाडी वडिलांच्या नावावर, वडील जाऊन सहा वर्षं झालेली, आणि भाऊ तिघे. एक भाऊ पैसे घेऊन मुंबईला गेला आणि शिमग्याला दुसरा दारात उभा राहिला, हे माझ्यासोबत झालंय. मालक वारलेला असेल तर आधी वारसाने फॉर्म 31 भरून गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यावी. बँकेच्या कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवायला फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र. नंबर परिवहनच्या अ‍ॅपवर टाकून बघा, बोजा आहे की नाही ते तिथेच दिसतं.

गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने 14 दिवसांत किंवा जमेल तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते, मोटार वाहन कायद्याचं कलम 55. नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय चासीला कटर लावू नका. आणि 2021 च्या नियमांनुसार गाड्या भंगारात काढण्याचं केंद्र चालवायला वेगळी नोंदणी लागते. तुम्ही हे धंदा म्हणून करणार आहात, तेव्हा पहिली गाडी घेण्याआधी आरटीओत जाऊन बोला. मी आता अख्ख्या गाड्या खोलणं जवळजवळ थांबवलंय. चालू होईल ती दुरुस्त करून नावावर करून विकतो, आणि गिऱ्हाइकाच्या गाडीचा जुना पार्ट काढला तर तो साफ करून ठेवतो. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा असं मनापासून वाटतं.

बिनकागदाचं इंजिन कितीही स्वस्त मिळालं तरी नको. क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचावर, नंबर असतो. एका ओळखीच्या माणसाकडून मी एक घेतलं होतं, ते चोरीच्या गाडीचं निघालं. चौकशीला चार फेऱ्या झाल्या, घरचे रात्रभर जागे. चोरीचा माल आहे असं मानायला कारण असूनही घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तेव्हापासून विकणाऱ्याचं आधार, आरसीची प्रत आणि सहीची पावती वहीला लावतो.

एक राहिलं. तुमची जागा घराला लागून आहे म्हणालात, म्हणजे विहीरही जवळ असणार. आपला जांभा दगड सच्छिद्र, सांडलेलं ऑइल तो पिऊन टाकतो आणि पावसात ते खाली उतरतं. पहिली दोन वर्षं मी मातीवरच गाड्या खोलायचो. एका जूनमध्ये शेजारच्या काकूंनी कळशी आणून दाखवली, पाण्यावर रंगीत तवंग होता. काकू रागावल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या. विहीर दोनदा उपसून दिली, तरी त्या वर्षी त्यांनी पिण्याचं पाणी लांबून आणलं. आधी कडेला उंचवटा करून सिमेंटचा कोबा घालून घ्या. जळकं ऑइल कॅनमध्ये साठवून रीसायकलिंगवाल्याला द्या, जुनी बॅटरी बॅटरीच्या दुकानात परत करा. कोब्याचा खर्च पहिल्या गाडीच्या आधी धरा.