कॅमेऱ्याला सरासरी दिसत नाही

प्रिय मित्रा,

तुझ्या तलावावरच्या माहितीपटाचा रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं संकलन, पाहिला. माणसं तुझ्याशी मोकळेपणाने बोलतात, आणि शॉट कुठे थांबवायचा हे तुला बऱ्याच ठिकाणी आपोआप कळलं आहे. या गोष्टी सांगून येत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल काही बोलत नाही. माझं अडलं ते सुरुवातीलाच. ड्रोन खाली येतो, भेगाळलेला तळ दिसतो, चेलो सुरू होतो आणि निवेदक म्हणतो, 'हवामान बदलाने हा तलाव गिळला.' सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलं आहेस की प्रेक्षकाला हे पटलंच पाहिजे. पटेल की. अडचण नंतरची आहे. बाहेर पडताना कुणीतरी विचारेल, 'पण पाणी नक्की गेलं कुठे?' आणि तुझ्या फिल्ममध्ये त्याचं उत्तर नाही.

हवामान म्हणजे साधारण तीस वर्षांच्या नोंदींची सरासरी. कॅमेऱ्याला सरासरी दिसत नाही. त्याला एक दुपार दिसते, एक हिमनदी, एक अस्वल, एक आटलेलं तळं. कार्बन डायऑक्साइड तर दिसतच नाही. १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर त्याची मोजणी सुरू झाली तेव्हा तो हवेच्या दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर गेला आहे, आणि तरी आकाशाचा एकही शॉट त्यामुळे वेगळा येत नाही. म्हणून या विषयावरच्या प्रत्येक माहितीपटाला दिसणाऱ्या एका गोष्टीपासून न दिसणाऱ्या गोष्टीपर्यंत पूल बांधावा लागतो. प्रेक्षकाला पटतं ते त्या पुलावर, आणि तो फसवला जातो तोही तिथेच. हवामानावरची कुठलीही फिल्म बघताना मी आधी तो पूल शोधतो.

तुझ्या तलावाचंच घे. मध्य आशियातल्या अरल समुद्राचे फोटो तू पाहिले असशील: वाळूत रुतलेल्या बोटी, क्षितिजापर्यंत कोरडा तळ. त्या दृश्यावर 'तापलेली पृथ्वी' असं निवेदन घातलं तर कुणालाही खटकणार नाही. पण तो समुद्र आटला तो मुख्यतः सोव्हिएत काळात कापसाच्या शेतीसाठी आमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी वळवलं म्हणून. भेगा सगळीकडे सारख्याच पडतात. तळ पाहून कारण ओळखता येत नाही.

ही निव्वळ तात्त्विक शंका नाही, एका न्यायालयात तिच्यावर खल झालेला आहे. डेव्हिस गुगेनहाइम यांचा 'ॲन इनकन्व्हिनियंट ट्रुथ' २००६ मध्ये आला. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या हवामान बदलावरच्या स्लाइड-व्याख्यानावर उभी राहिलेली ही फिल्म ब्रिटनच्या शाळांमध्ये दाखवायचं ठरलं, तेव्हा प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेलं. २००७ मध्ये न्यायमूर्तींनी निकाल दिला की फिल्मची मुख्य मांडणी बहुतांशी बरोबर आहे, पण नऊ मुद्द्यांवर ती तेव्हाच्या शास्त्रीय एकमताच्या पुढे जाते. शिक्षकांसाठी मार्गदर्शक टिपणं सोबत देऊन ती दाखवता येईल. हे नऊ मुद्दे वाचून काढ. आफ्रिकेतल्या किलिमांजारो पर्वतावरचा बर्फ, तिथलंच आटलेलं चाड सरोवर, अमेरिकेतलं कतरिना वादळ, बुडालेली ध्रुवीय अस्वलं. एक आक्षेप आलेखाबद्दलही होता, पण हे चार पाहा: चारही ठिकाणी एकच उदाहरण घेऊन त्याच्यावर सगळ्या पृथ्वीचं ओझं टाकलं आहे. चाड सरोवराच्या बाबतीत वाढती लोकसंख्या, अतिचराई आणि त्या भागातले हवामानाचे चढउतार ही कारणं जास्त संभवतात, असं निकालात म्हटलं आहे. तुझा तलाव या यादीत सहज बसेल.

गंमत अशी की त्याच फिल्ममध्ये पूल चोख बांधल्याचाही नमुना आहे. गोर साडेसहा लाख वर्षांचा कार्बन डायऑक्साइडचा आलेख दाखवतात. खोल बर्फातून काढलेल्या नळकांड्यांवरून, म्हणजे बर्फाच्या गाभ्यांवरून, काढलेली ती वर-खाली होणारी रेघ पडद्यावर सरकत राहते. मग पुढच्या काही दशकांत ती कुठे जाईल हे दाखवायला ते यांत्रिक लिफ्टवर चढतात आणि लिफ्ट त्यांना वर, आणखी वर घेऊन जाते. प्रेक्षक हसतात, मग हसणं थांबतं. इथे कुणी रडत नाही, काही कोसळत नाही, दाखवलेली वस्तू खुद्द सरासरीच आहे. फक्त तिची उंची एका माणसाच्या शरीराने मोजून दिली आहे. प्रेक्षकाने आकडा वाचला नाही, त्याने मान वर केली. हे दृश्य मी विद्यार्थ्यांना आवाज बंद करून दाखवतो. तरीही ते कळतं.

दुसरा मार्ग वेळ दाबून टाकण्याचा. 'चेसिंग आइस' (२०१२) मध्ये छायाचित्रकार जेम्स बेलॉग हिमनद्यांसमोर टाइमलॅप्स कॅमेरे लावतात. २००७ मध्ये काम सुरू होतं. टायमर बंद पडतात, बॅटऱ्या दगा देतात, आणि दिग्दर्शक जेफ ऑर्लोव्स्की हे सगळं फिल्ममध्ये ठेवतात. ते ठेवलं हे फार महत्त्वाचं. पुरावा कसा गोळा झाला हे बघितलेला माणूस पुराव्याशी वाद घालायला सहसा जात नाही. मग काही वर्षांची चित्रं काही सेकंदांत धावतात आणि हिमनदी मागे सरते. मात्र लोकांच्या लक्षात राहतो तो वेगळाच प्रसंग: ग्रीनलंडमधल्या इलुलिसाट हिमनदीचा कडा २८ मे २००८ रोजी तब्बल ७५ मिनिटं कोसळत राहिला तो. थरारक आहेच. पण समुद्राला भिडणाऱ्या हिमनदीचे कडे कोसळतच असतात, पृथ्वी तापत नसती तरी कोसळले असते. त्या एका दिवसाने सिद्ध फार थोडं होतं. सिद्ध होतं ते वर्षानुवर्षं मागे सरकलेल्या काठाने. ऑर्लोव्स्कींनी दोन्ही दाखवलं, थराराने लक्ष खेचलं आणि टाइमलॅप्सने मुद्दा मांडला. तुझ्या कटमध्ये सध्या फक्त कडा कोसळतो आहे.

आता अस्वल. २०१७ च्या डिसेंबरात एका उपाशी ध्रुवीय अस्वलाचा व्हिडिओ जगभर फिरला. हाडं वर आलेली, मागचे पाय ओढत चाललेला तो प्राणी पाहून मलाही गलबलून आलं होतं. नॅशनल जिऑग्राफिकने त्यावर 'हवामान बदल असा दिसतो' अशा अर्थाची ओळ घातली. पुढच्या वर्षी त्याच मासिकाने कबूल केलं की त्या विशिष्ट अस्वलाचा संबंध हवामान बदलाशी इतक्या ठामपणे जोडायला नको होता. ते आजारी होतं की जखमी, हे कळायला मार्ग नव्हता. समुद्रातला बर्फ घटतो आहे आणि अस्वलांचं जगणं त्यावर अवलंबून आहे, हे खरंच आहे. म्हणजे मूळ म्हणणं बरोबर होतं, दृश्य खरं होतं, खोटी होती ती फक्त मधली ओळ. शंका घेणाऱ्यांच्या हाती त्या ओळीने जे कोलीत दिलं, ते अजून विझलेलं नाही.

जाता जाता: विजेच्या कारखान्याचा तुझा तो सूर्यास्ताचा शॉट काढून टाक. रुंद, कमरेत बारीक झालेल्या मनोऱ्यांतून निघतंय ते पांढरं लोट म्हणजे पाण्याची वाफ आहे. शीतकरण मनोरे अणुवीज केंद्रांनाही असतात. निम्म्या हवामानपटांत हा शॉट आहे आणि प्रत्येक वेळी सभागृहातला एखादा इंजिनिअर तिथून पुढे दिग्दर्शकावर विश्वास ठेवायचं सोडतो.

हत्यारं दोन्ही बाजूंना सारखीच मिळतात हेही ध्यानात घे. २००७ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरवर 'द ग्रेट ग्लोबल वॉर्मिंग स्विंडल' दाखवली गेली. प्राध्यापकांच्या मुलाखती, आलेख, वेगवान संकलन, 'तुम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं' असा सूर, सगळं होतं. समुद्रशास्त्रज्ञ कार्ल वुन्श त्यात दिसतात. गरम होणारा समुद्र कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि म्हणून धोका वाढतो, असं त्यांना सांगायचं होतं. ते बोलणं अशा जागी लावलं गेलं की माणसाचा वाटा किरकोळ आहे असा अर्थ निघावा. त्यांनी तक्रार केली आणि ब्रिटनमधल्या प्रसारणावर देखरेख करणाऱ्या ऑफकॉम या संस्थेने २००८ मध्ये ती अंशतः मान्य केली. कात्री तीच असते, बाईट, म्हणजे मुलाखतीचा तुकडा, तोच असतो, फक्त त्याच्या आधी आणि नंतर काय लावलंय ते बदलतं. तुझ्या कटमध्ये त्या जलतज्ज्ञ बाईंचं वाक्य 'तापमान वाढल्याने बाष्पीभवन वाढतं' इथे तुटतं. कच्च्या फुटेजमध्ये त्या पुढे उपशाबद्दलही बोलल्या आहेत. ते का कापलंस? उत्तर मला कळवू नकोस, स्वतःपुरतं शोध.

'मग गोष्ट सांगूच नको का?' असं तू विचारशील. सांग, जरूर सांग. मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक या मानसशास्त्रज्ञांनी २००० मध्ये दाखवून दिलं होतं की गोष्टीत गुंगलेला माणूस तिच्यातल्या दाव्यांमध्ये खोट शोधत बसत नाही. आलेखाशी भांडणारा माणूस गोष्टीशी भांडायला विसरतो. ताकद आहे ती हीच. आणि तो बेसावध आहे हे तुला ठाऊक असताना तू त्याला काय पाजतोस, तुझी जबाबदारीही त्यातूनच येते.

गोष्ट कोण सांगतो याला तर मी गोष्टीइतकंच वजन देतो. 'इयर्स ऑफ लिव्हिंग डेंजरसली' या २०१४ च्या मालिकेत टेक्सासमधलं प्लेनव्ह्यू गाव आहे. दुष्काळाने गुरं घटली, मांसप्रक्रियेचा कारखाना बंद पडला, आणि गावात अनेकांच्या मते ही देवाची मर्जी. तिथे बोलतात कॅथरीन हेहो. त्या हवामानशास्त्रज्ञ आहेत आणि श्रद्धाळू इव्हँजेलिकल ख्रिश्चनही. विज्ञान तेच, पण सांगणारी त्यांच्यातली. बेलॉगही स्वतः आधी साशंक होते आणि ते तसं कॅमेऱ्यासमोर सांगतात. साशंक प्रेक्षकाला तिथे बसायला जागा मिळते. तुझ्या फिल्ममध्ये सगळे आधीपासून एकमताचे आहेत. ज्याला शंका आहे त्याने कुणाच्या शेजारी बसायचं?

एका घटनेबद्दल ठामपणे बोलताच येत नाही, असं मात्र समजू नकोस. अलीकडच्या वर्षांत त्यासाठी शास्त्रच उभं राहिलं आहे. २९ जून २०२१ रोजी कॅनडातल्या लिटन गावी पारा ४९.६ अंशांवर गेला. वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशनच्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला की माणसाने वाढवलेल्या तापमानाशिवाय अशी उष्णतेची लाट किमान दीडशे पटीने दुर्मीळ असती, जवळजवळ अशक्य. ही भाषा निवेदनात वापरता येते. 'गिळला' इतकी ती नाट्यमय नाही, पण ती उद्या मागे घ्यावी लागत नाही. तुझ्या तलावाचा असा अभ्यास झालेला नसेल तर पर्जन्य, तापमान आणि उपसा या तिन्हींच्या नोंदी मिळव आणि ज्याचा जितका वाटा तितकाच सांग. कदाचित उपशाचा वाटा मोठा निघेल. मग फिल्म बदलेल, आणि मला वाटतं ती जास्त चांगली होईल: आधीच ओढाताण असलेल्या पाण्यावर उष्णता येऊन पडली की काय होतं, ही गोष्ट फार कमी जणांनी नीट सांगितली आहे.

शेवटी परिणामाबद्दल, कारण तुझ्या चिठ्ठीत 'हलवून सोडायचं आहे' असं दोनदा आलं आहे. हलतात लोक, पण फार दिवस नाही. 'ॲन इनकन्व्हिनियंट ट्रुथ' पाहिलेल्यांची माहिती आणि काळजी वाढली, काही करायची तयारीही वाढली, पण महिन्याभराने ती कृतीत उतरलेली दिसली नाही, असं एका अभ्यासात आढळलं. दुसऱ्या अभ्यासात, जिथे ती फिल्म लागली त्या थिएटरांच्या आसपास लोकांनी स्वखुशीने कार्बनची भरपाई (आपल्यामुळे होणाऱ्या उत्सर्जनाच्या बदल्यात ते दुसरीकडे घटवायला दिलेले पैसे) विकत घेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने वाढलं; वर्षभरानंतर तो परिणाम उरला नव्हता. 'द एज ऑफ स्टुपिड' (२००९) या हवामान बदलावरच्याच फिल्मबद्दलही तसंच: खेळ संपल्यावर लगेच जोर, दहा-चौदा आठवड्यांत बराच ओसरलेला.

याच्या उलट 'गॅसलँड' (२०१०) पाहा. जमिनीत खोल भेगा पाडून नैसर्गिक वायू काढण्याविरुद्धची फिल्म. तिच्यातल्या पेटणाऱ्या नळाच्या दृश्यावर वाद झालेच, कारण काही विहिरींत मिथेन मुळातच असतो. तोही पूल कच्चा. पण अमेरिकेतल्या मार्सेलस शेल या वायू असलेल्या खडकाच्या पट्ट्यात गावोगावी झालेल्या खेळांचा समाजशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा जिथे खेळ झाले तिथे विरोध संघटित झाल्याचं आणि स्थानिक बंदीचे ठराव येण्याला त्यातून बळ मिळाल्याचं दिसलं. कारण बघणाऱ्यांच्या हातात ठराव होता, सभा होती, पुढच्या मंगळवारी कुठे जमायचं ते माहीत होतं. 'एज ऑफ स्टुपिड' बघून घरी गेलेल्या माणसापुढे अख्खी पृथ्वी होती आणि हातात दिव्याचं बटण.

तेव्हा फिल्म महोत्सवात पाठवण्याआधी ठरव की ती कुणाला दाखवायची. तलावातल्या पाण्याचं वाटप जे ठरवतात, त्यांच्या बैठकीच्या आदल्या आठवड्यात खेळ लावता आला तर महोत्सवाची तारीख चुकली तरी चालेल. वितरकाला हे आवडणार नाही.

पुढचा कट पाठवशील तेव्हा संगीताचा ट्रॅक वेगळा ठेव आणि सुरुवातीच्या त्या प्रसंगाचं निवेदन काढून पाठव. नुसता तळ, वारा आणि त्या बाईंचं अख्खं वाक्य. जिथे मला निवेदकाची गरज भासेल तिथला टाइमकोड मी कळवीन.

तुझा,
सर