हाइसमन ट्रॉफी (अमेरिकेत दरवर्षी कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळते ती) ज्याच्या नावाने देतात तो जॉन हाइसमन नक्की कोण होता? खेळाडू की कोच?

दोन्ही, पण नाव झालं ते कोच म्हणून. (फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन, तो अंडाकृती बॉलचा.) ब्राउन आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांकडून खेळला, वकिलीची डिग्री घेतली आणि 1892 मध्ये ओबर्लिन कॉलेजला कोच झाला, मग ऑबर्न, क्लेमसन असं करत 1904 ला जॉर्जिया टेकला आला तो 1919 पर्यंत तिथेच. ऑफ सीझनला हा नाटकात कामं करायचा, शेक्सपिअर वगैरे!

तेव्हा हा खेळ म्हणजे नुसती रेटारेटी, पोरं मरायची सुद्धा. बॉल हाताने पुढे फेकायला परवानगी द्या म्हणून हा मागे लागलेला, शेवटी 1906 ला तो नियम आला, अर्थात त्यात बाकीच्यांचाही हात होता.

जॉर्जिया टेकची 1916 ची कंबरलँड कॉलेजविरुद्धची मॅच तर बघाच, स्कोअर 222-0, हाफटाइमलाच 126 झालेले. कंबरलँडने फुटबॉल टीम बंद केलेली पण मॅच रद्द केली तर 3000 डॉलर दंड, म्हणून कशीबशी पोरं गोळा करून आणली बिचारी. त्याच वर्षी बेसबॉलमध्ये त्यांनी टेकला 22-0 हरवलेलं, त्याचा वचपा काढला म्हणतात. मला तरी हे जरा अतीच वाटतं. पुढच्या वर्षी 1917 ला टेक एकही मॅच न हरता नॅशनल चॅम्पियन.

1927 ला राइस विद्यापीठाचं कोचपद सोडल्यावर कोचिंग बंद, मग न्यूयॉर्कच्या डाउनटाउन अ‍ॅथलेटिक क्लबमध्ये नोकरी. ट्रॉफी त्या क्लबनेच 1935 ला सुरू केलेली, 1936 मध्ये हा वारल्यावर तिला याचं नाव दिलं.