साध्या विषाणूसंसर्गातून कॅन्सरच्या पेशी वाढतात कशा?

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरून सांगतो, कारण त्यातली प्रक्रिया सगळ्यात नीट उलगडली आहे.

तो होतो एचपीव्ही, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसमुळे. या विषाणूला स्वतःच्या प्रती काढायला विभाजन होत असलेली पेशी लागते, म्हणून तो ई६ आणि ई७ ही दोन प्रथिनं तयार करतो. आपल्या पेशीत पी५३ हे प्रथिन पहारेकऱ्यासारखं असतं: डीएनए बिघडला की विभाजन थांबवायचं, दुरुस्ती होत नसेल तर पेशीच संपवायची. ई६ नेमकं पी५३ नष्ट करवतं. ई७ विभाजन रोखणाऱ्या आरबी प्रथिनाला निकामी करतं. मग पेशी वाढत राहते आणि डीएनएमधल्या चुका साठत जातात.

यकृताचा कॅन्सर करू शकणाऱ्या हिपॅटायटिस बी आणि सी या विषाणूंचा मार्ग बराचसा वेगळा: वर्षानुवर्षं यकृताला सूज, पेशी मरणं, नव्या होणं, त्यात चुका.

पण एचपीव्ही झाला म्हणजे कॅन्सर झाला, असं मुळीच नाही. बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप जातात. टिकून राहतो तो धोक्याचा, आणि त्यातूनही कॅन्सर व्हायला साधारण १५-२० वर्षं लागतात. एवढा वेळ असूनही बायका उशिरा येतात, याचं फार वाईट वाटतं. तपासणी सोपी आहे. गर्भाशयमुखावर पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावलं की बिघडलेला भाग मिनिटभरात पांढरा दिसतो. टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत हीच पद्धत वापरली, तेव्हा या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. मुलगी ९ ते १४ वर्षांची असेल तर लसीबद्दल डॉक्टरांना आत्ताच विचारा. पुण्याच्या सीरमचीही लस मिळते.